स्टेपनी, ढोल आणि होडी

परवा पुतण्याच्या गाडीतून हायवेने निघालो होतो. टोलनाका आला. गाडी थांबली नाही, काच खाली झाली नाही, कोणी कोणाला शिवी दिली नाही. वरच्या यंत्राने काचेवरचा टॅग वाचला आणि पुतण्याच्या मोबाइलवर टिंग वाजलं. झालं!

"टॅगात पैसे नसले तर रे?" मी विचारलं.

"तर दुप्पट घेतात, काका. तेही चुकवले तर गाडीच्या नावावर चढून बसतात. पुढे गाडी विकायला काढली की समोर उभे राहतात."

"टॅग आमच्याकडे पण होते," मी म्हटलं. "पुठ्ठ्याचे. सुतळीने बांधायचो."

त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण ऐंशीच्या दशकात मी आमच्या खाडीवरच्या पुलाच्या नाक्यावर पावत्या फाडायला होतो. त्या नोकरीत पगार कधी साचला नाही, किस्से तेवढे साचले. एक सांगायला घेतला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. लोक पोट धरून हसतात. मी पण हसतो, पण खरं सांगू? मनातून अजून जळफळाट होतो.

*

आधी नाका समजून घ्या. सुरूचा एक लांब वासा, त्याच्या बुडाला बांधलेला धोंडा. ही आमची दांडी. ती उचलायला शाणू. खिडकीत पावती फाडायला मी. आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर मोहितेसाहेब, सुपरवायझर, घाटावरून आलेले. त्यांच्याही वर ठेकेदार शेट, ते महिन्यातून एकदा अॅम्बॅसिडरमधून दर्शन द्यायचे.

शेटने लिलावात ठेका घेतलेला. म्हणजे सरकारला आधी एकरकमी पैसे मोजायचे आणि मग पुलावरून जाईल त्याच्याकडून ते उकळायचे. एखादी गाडी फुकट गेली की ते नुकसान शेटचं. आणि शेटचं नुकसान होऊ नये यासाठीच मोहितेसाहेबांनी जन्म घेतला होता.

साहेबांचा देव म्हणजे दरफलक. ट्रक भरलेला, ट्रक रिकामा, जीप, बैलगाडी, जनावर, सगळ्याचे दर त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेले. कसलाही वाद झाला की साहेब खिडकीतून मान बाहेर काढून फलक वाचायचे. पाठ होता, तरी वाचायचे.

आणि पैसेच नसले तर? तर वस्तू ठेवून जा. स्टेपनी, जॅक, घड्याळ, छत्री, काहीही. साहेब त्याला नंबर घातलेला पुठ्ठ्याचा टॅग बांधायचे आणि वस्तू मागच्या खोलीत जायची. पैसे आणलेत की वस्तू घेऊन जा. नाही आणलेत तर ती तिथेच कुजायची. त्या खोलीत स्टेपन्या इतक्या झाल्या होत्या की शाणू दुपारी त्यांवरच ताणून द्यायचा.

नाक्याच्या बाजूला उंडीचं एक जुनं झाड होतं आणि त्याच्याखाली एक होडी. ती पांडूकाका ताऱ्याची, तारी म्हणजे होडीने माणसं पलीकडे नेणारा. पूल व्हायच्या आधी त्याच होडीने अख्खा गाव खाडी ओलांडायचा. मी शाळेला त्याच होडीने गेलो. गावातल्या माणसाकडून काकाने कधी रोकड घेतली नाही. भात झोडून झालं की घरामागे पायलीभर भात, त्यात वर्षाचं येणं-जाणं. पाहुण्याकडून तेवढे पैसे घ्यायचा.

पूल झाला आणि ठेक्यात अट आली, पुलाच्या आसपास तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, चालवायची नाही. होडी वर ओढली गेली. काकाने बैलगाडी घेतली आणि चिरे, नारळ वाहायला लागला. घर खाडीच्या पलीकडे, शेत अलीकडे. पण रोज येऊन तो होडीला काजूच्या टरफलाचं तेल चोपडायचा, वर झावळं घालायचा.

"काका, आता हिचा काय उपेग?" शाणूने एकदा विचारलं.

"पूल काय रे! सिमेंटाचो तो. एक दिवस खचतलो," काका म्हणाला. "तेवा माकाच बोलवतल्यात. तवसर ही सुकाक नको."

*

फलकाच्या तळाशी एक ओळ होती, 'पुलाचा खर्च वसूल होईपर्यंत'. मसुऱ्याचे एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला पेन्शनच्या कामाला आमच्या नाक्यावरून जायचे. दर वेळी भाड्याची रिक्षा थांबवून खाली उतरायचे आणि ती ओळ मोठ्याने वाचायचे.

"काय साहेब, झाला का वसूल?"

"होत आलाय, गुरुजी."

हे दोन-तीन वर्षं चाललं. खारा वारा लागून फलकाचा रंग उडाला. शेटने पेंटर पाठवला. फलक नवाकोरा झाला, दर थोडे वाढले. पुढच्या महिन्यात गुरुजी उतरले, चष्मा पुसला, वाचायला लागले आणि खाली येऊन थबकले.

"साहेब, शेवटची ओळ कुठे गेली?"

"नवे दर मोठ्या अक्षरात लिहायचे होते," साहेब म्हणाले. "जागा उरली नाही."

*

एकदा एक बॅण्डवाली मंडळी टेम्पोतून आली. पलीकडे तोंडवलीच्या बाजूला लग्न. खिशात दमडी नाही, कारण बॅण्डचे पैसे लग्न लागल्यावर मिळायचे.

"काहीतरी ठेवून जा," साहेब म्हणाले.

स्टेपनी बघितली तर टेम्पोला स्टेपनीच नव्हती. मग सगळ्यात मोठी वस्तू म्हणून साहेबांनी ढोल उतरवून घेतला. टॅग बांधला.

संध्याकाळी मंडळी परत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. नवरीच्या बापाने पैसे दिले नव्हते. "ढोलाशिवाय बॅण्ड कसलो?" असं म्हणून त्याने त्यांना नुसतं जेवायला घातलं होतं.

"साहेब, ढोल नाय म्हणान पैसे गावले नाय," बॅण्डमास्तर हात जोडून म्हणाला. "आता पैसे नाय म्हणान तुमी ढोल देणास नाय. आमी करूचा काय?"

"पुढच्या लग्नाची सुपारी घ्या, त्यातून सोडवा."

"ढोलाशिवाय सुपारी देतलो कोण?"

साहेबांनी फलक वाचला. त्यावर याचं उत्तर नव्हतं. ढोल आमच्याकडेच राहिला. त्या बॅण्डमधला एक जण पुढे मला कुडाळला हमाली करताना भेटला. ढोलाचं आम्ही काय केलं? शेटची अॅम्बॅसिडर लांबून दिसली की शाणू तो बडवायचा, म्हणजे साहेबांना टोपी घालायला वेळ मिळायचा.

*

सरकारी कामावरच्या गाड्यांना माफी होती. त्यामुळे आमच्या भागात सरकारी काम फार! एका साहेबांची जीप दर बुधवारी बंदरावर जायची, आत बाईसाहेब आणि मागे पिशव्या. जाताना सरकारी काम, येताना सरकारी काम.

एका बुधवारी जीप परत येऊन दांडीपाशी थांबली तर मागून पाण्याची धार लागलेली. वासाने नाक्यावरची दोन मांजरं जीपखाली जाऊन बसली.

शाणू ओरडला, "साहेब, सरकारी काम ठिबाकता!"

बाईसाहेबांनी तोंड फिरवलं. मोहितेसाहेबांनी शाणूकडे असं बघितलं की त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा.

"पाणी आहे ते, पाणी! उचल दांडी!"

त्याच जीपच्या मागे मसुऱ्याकडच्या दोन भावांची बैलगाडी होती. माल काही नाही, गाडी रिकामी. माफीचं सगळं नाटक त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. दर ऐकल्यावर थोरला गाडीतून उतरला. शांतपणे बैल सोडले. दोघांनी मिळून चाकं काढली. थोरला चाकं ढकलत पुलावर गेला, धाकट्याने वाटेवरचे चार जण गोळा करून गाडीचा साटा डोक्यावर घेतला. चालणाऱ्याला टोल नव्हता, डोक्यावरच्या ओझ्याला नव्हता. नाक्यावर टाळ्या पडल्या!

साहेब फलकाकडे धावले. बोटाने एकेक ओळ वाचत खाली आले आणि त्यांचा चेहरा उजळला. "जनावर! बैल दोन! पावती फाड!"

बैल न्यायला दोघे परत आले तेव्हा पैसे मोजताना थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला, "मेल्या, बैलांक पण खांद्यार घेवक व्हये हुते!"

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. आज सांगतो.

एक ट्रक आला. पलीकडच्या गावातला एक माणूस तालुक्याच्या दवाखान्यात वारला होता, त्याला घरी नेत होते. मागे चटईत गुंडाळलेला देह आणि बाजूला उकिडवा बसलेला त्याचा भाऊ. शाणूने न सांगताच दांडी उचलली.

"खाली घे," साहेब म्हणाले.

साहेब बाहेर आले, ट्रकच्या फाळक्यावरून आत डोकावले आणि फलकापाशी जाऊन उभे राहिले. ट्रक रिकामा की भरलेला, हा त्यांना पडलेला प्रश्न! मी म्हटलं, "साहेब, जाऊ दे ना." साहेब म्हणाले, "माफीच्या यादीत नाही. उद्या शेटने विचारलं तर तू देणार आहेस?"

मग त्यांनी निकाल दिला, "ट्रकमध्ये प्रवासी धरता येत नाही. म्हणजे माल. भरलेला."

भाऊ ट्रकमधून खाली उतरला. सदऱ्याच्या खिशातून पैसे काढून दिले, पावती घेतली आणि नीट घडी घालून ठेवली. 

दुपार कलल्यावर तोच ट्रक परत आला. तिकडे सगळं आटोपलं होतं, आणि ट्रकवाल्याचं भाडं द्यायला भाऊ सोबत आला होता. तो केबिनमधून खाली उतरला, मागचा फाळका स्वतःच्या हाताने पाडला आणि साहेबांना म्हणाला,

"बगा साहेब, नीट बगा. आता रिकामो आसा. आता कमी घेतल्यात मां?"

साहेबांनी कमी घेतले. फलकावर तसं होतं.

*

आता पांडूकाकाचं.

बैलगाडी घेऊन तो पहिल्यांदा नाक्यावर आला तेव्हा दांडी खाली बघून त्याला हसूच आलं. "माज्याच खाडयेवरसून जावक माका पावती?" पण दिले पैसे. रोज जाताना दिले, येताना दिले. मग भात झोडून झालं, तसा एका सकाळी तो पोतं घेऊन आला. खिडकीसमोर पोतं सोडलं, घरची पायली काढली आणि साहेबांच्या देखत मापून दाखवलं, प्रत्येक माप शीग लावून.

"गाव माका वर्साक एक पायली देय," तो म्हणाला. "मी तुमका चार देतंय, गाडी नि बैल धरून. आता वर्सभर माका थांबवू नकात."

काकाच्या हिशेबात नदी-खाडी ओलांडायची रीत हीच होती. त्यात त्याचं काय चुकलं?

साहेबांनी फलक बघितला. "भात नाही यावर."

"फलकार नाय, पोत्यात आसा," काका म्हणाला आणि गाडी हाकून निघून गेला.

साहेबांनी त्याला अडवलं नाही. पोतंही परत केलं नाही. ते मागच्या खोलीत गेलं आणि आठवड्याने साहेब रजेवर गावी गेले तेव्हा एसटीच्या टपावरून त्यांच्याबरोबर घाट चढलं. इकडे काका रोज हात हलवत जायचा, शाणू दांडी उचलायचा. मी पावती फाडत नव्हतो, कारण माझ्या मते त्याने वर्षाचं भरलं होतं.

साहेब परत आले. "ही बैलगाडी कशी जाते फुकट?"

दांडी खाली आली. काका गाडीवरून उतरला. "साहेब, भात दिलंय मां!"

"भात? कसलं भात?"

मी खिडकीतून उठलो. म्हटलं, "साहेब, असं काय करता? पोतं माझ्या समोर मापलंय. तुम्हीच गावी नेलंत!"

साहेब माझ्याकडे वळले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

"त्या पोत्याला टॅग होता का?"

*

काकाच्या नावावर थकबाकी निघाली. साहेबांनी बैल मागितला. काकाने बैलाच्या गळ्यात हात घातला आणि हलेना. मग साहेबांची नजर उंडीखाली गेली.

"ती होडी पडूनच आहे ना? ती ठेव."

"होडी नको, साहेब."

"मग बैल."

बैल गेला तर घरात चूल पेटायची नाही, हे काकाला कळत होतं. त्याने होडीवरचं झावळ सारखं केलं. मग म्हणाला, "ठेवा. पण थंयच ऱ्हवांदे."

होडी होती तिथेच राहिली. फक्त तिच्या नाळेला, पुढच्या निमुळत्या टोकाला, आमचा टॅग लागला. काका मात्र रोज यायचा ते यायचाच, तेलाचा डबा घेऊन. साहेबांनी त्याला दटावलं, "ठेवीच्या वस्तूला हात लावायचा नाही."

"तुमची झाली म्हणान काय सुकान मरांदे ती?" काका म्हणाला आणि तेल चोपडत राहिला.

गाडीच्या येण्या-जाण्यातून चार पैसे बाजूला टाकून तो थोडे थोडे भरत होता. "बाबल्या, होडी सुटाक किती ऱ्हवले?" मला विचारायचा. मी सांगायचो. पण साहेबांनी होडीच्या जागेचं भाडं लावलेलं, त्यामुळे मी सांगितलेला आकडा पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच असायचा. त्या खिडकीत बसून हे सांगायला मला काय वाटत असेल!

*

श्रावणात एकदा खाडीला असं पाणी आलं की पलीकडच्या टोकाला पुलाचा भराव वाहून गेला. पूल मध्येच तरंगत राहिला म्हणा ना! सकाळी दोन्ही तीरांवर माणसं उभी. कुणाला दवाखाना, कुणाला बाजार, पलीकडच्या पोरांची शाळा अलीकडे.

पांडूकाका आदल्या दिवशीच शेतावर आलेला, तो इकडे अडकला होता. धावत आला. वय विसरला होता. "सांगितलं नव्हतंय? बोलवल्यात मां शेवटी!" झावळं भराभर बाजूला केली. होडी अशी दिसत होती, काल पाण्यातून काढल्यासारखी. आम्ही सगळ्यांनी खांदा लावला आणि होडी पाण्यात गेली. काकाने वल्हं हातात घेतलं तेव्हा पलीकडून लोकांनी आरोळी ठोकली.

तेवढ्यात ढोल वाजला. शेट आले होते.

शेट आणि साहेब बाजूला जाऊन बोलले. खाडी ओलांडण्याचा ठेका आपला, होडीला टॅग आपला. साहेबांनी दरफलक उपटून आणला, धक्क्यावर रोवला आणि खाली कोळशाने नवी ओळ लिहिली, 'माणूस'. मला पावत्यांचं बुक घेऊन तिथे बसवलं.

"आणि माजा काय?" काकाने विचारलं.

"तुला दिवसाचा रोज मिळेल. तो थकबाकीत वळता करू," साहेब म्हणाले.

काकाने हातातल्या वल्ह्याकडे बघितलं. मग पलीकडच्या लोकांकडे बघितलं. बायका पोरं घेऊन चिखलात उभ्या होत्या. त्याने होडी लोटली.

दिवसभर तो वल्हवत होता. मी पावत्या फाडत होतो. ज्यांच्या आजोबांनी पायलीभर भातात जन्म काढला त्यांना मी माणशी पावती देत होतो. एका म्हातारीने पावती घेऊन काकाला विचारलं, "रे पांडू, तू कधीपासून पैसे घेवक लागलंस?" काकाने हात देऊन तिला होडीत घेतलं.

दिवस मावळायला आला. शेवटचं माणूस पलीकडे उतरवून, साहेबांच्या हुकमाप्रमाणे, काकाने होडी अलीकडे आणली. ठेवीची वस्तू नाक्यावरच बांधली पाहिजे, असा नियम. त्याने होडी उंडीच्या मुळाला बांधली आणि वल्हं साहेबांच्या हातात दिलं.

"उद्या सकाळी लवकर ये," साहेब म्हणाले.

"साहेब, माजा घर पलीकडे."

साहेबांनी पलीकडे बघितलं. काकाच्या घरात दिवा लागला होता. त्यांनी होडीकडे बघितलं. मग वल्हं खोलीत नेऊन ठेवलं आणि कुलूप घातलं.

शाणू म्हणाला, "काका, माज्याकडे ऱ्हव आज." मीही म्हटलं. काकाने नाही म्हणून मान हलवली. पाणी ओसरतीचं होतं, जोर कमी झाला होता. त्याने सदरा काढला, धोतर सोडलं, दोन्हींचं गाठोडं केलं आणि मुंडाशाने डोक्यावर बांधलं. धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मग वळला.

"साहेब!" त्याने पाण्यातून हाक मारली. "पोवन जाणाऱ्याक पावती आसा काय?"

मोहितेसाहेबांनी बॅटरी पेटवली आणि फलकावर धरली.